खिशातले बारा रुपये

पुणे, १८ मे २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर बाबा म्हणाले, "पोस्टातलं खातं मोडून टाकू, तुझे दोन-तीन महिने निघतील." तेवढ्यात रेंज गेली. मी परत फोन लावला नाही, कारण जे सांगायचंय ते फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून लिहितेय. जून आणि जुलैचे पैसे मला पाठवू नका, आणि ते खातं अजिबात मोडू नका.

बाबा, ज्येष्ठ नागरिक योजनेचं ते खातं तुम्ही ऑगस्ट २०२३मध्ये उघडलंत. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत मोडलं तर ठेवीतून दीड टक्का कापून घेतात. तीन लाखांवर साडेचार हजार रुपये झाले! शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे ६,१५० रुपये बंद होतील. एवढी वर्षं एसटीत घालवून हातात पडते ती पेन्शन महिन्याच्या किराण्यालाही पुरत नाही. तिला या व्याजाचाच टेकू आहे. तो माझ्यासाठी काढायचा नाही.

आता मागच्या उन्हाळ्याचं सांगते. वर्षभर सांगायचं राहिलंय.

गेल्या जूनमध्ये मी तुम्हाला फोन करून म्हणाले होते, परीक्षेचा फॉर्म महागलाय, चार हजार लागतील. फॉर्म महागला नव्हता. मी खोटं बोलले. मार्चमध्ये शिष्यवृत्तीचा हप्ता एकदम खात्यावर आला आणि मला वाटलं, आता चिंता नाही. सगळा पैसा एकाच खात्यात, आणि तेच खातं मोबाइलला जोडलेलं. चहाचे वीस, रिक्षाचे साठ, मैत्रिणीच्या वाढदिवसाचे तीनशे. त्यात मे महिन्यात मेसवाल्या काकू वीस दिवस गावी गेल्या. मेस बंद, म्हणून दोन्ही वेळ बाहेर खाणं. साधी राइस प्लेट घेतली तरी शंभराची नोट मोडायची. सुट्टीत खोली सोडली तर कॉट जाईल, म्हणून भाडं चालूच. जूनच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर २१२ रुपये उरले होते आणि खोलीतल्या मैत्रिणीचे साडेतीन हजार देणं होतं. तेव्हा तुम्हाला फोन केला.

तुम्ही दोन दिवसांत पैसे पाठवलेत. एका शब्दानं काही विचारलं नाहीत. दिवाळीत घरी आले तेव्हा आई, तू करंज्या लाटत होतीस आणि तुझ्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. पाटल्या कुठायत विचारलं तर म्हणालीस, जरा सैल झाल्यात, ठेवून दिल्यात. पतपेढीची पावती मला देवघराच्या खणात दिसली. तारीख जूनचीच होती. माझ्या चार हजारांबरोबर घरचंही काही अडलं असेल, पंधरा हजारांचं कर्ज दिसत होतं. मी पावती होती तशी ठेवली आणि काही बोलले नाही. आई, त्याची मला अजून लाज वाटते. मला माफ कर.

तेव्हापासून एक गोष्ट सारखी आठवते. मी दुसरीत असेन. बाबा, तुमच्या गाडीतून आपण विट्याहून सांगलीला निघालो होतो. स्टँडवर मी शेंगदाण्याच्या पुडीसाठी हट्ट धरला. तुमच्या चामड्याच्या बॅगेत चिल्लर खुळखुळत होती, नोटांच्या गड्ड्या होत्या. तुम्ही शर्टाच्या खिशात हात घातलात, बारा रुपये निघाले, त्यातले दोन दिलेत. मी विचारलं, बॅगेतले का नाही? तुम्ही मला वे-बिल दाखवलंत. ड्युटीवर निघताना कंडक्टरनं स्वतःजवळची रक्कम त्यावर आधी लिहायची असते. तुम्ही बारा रुपये लिहिले होते. म्हणालात, "बॅगेतला पैसा महामंडळाचा. तो माझ्याजवळ असतो, पण माझा नसतो."

यंदा मी तसंच केलंय. या मार्चचा शिष्यवृत्तीचा हप्ता, १४,००० रुपये, दुसऱ्या खात्यात टाकलाय. ते खातं मोबाइलला जोडलेलं नाही, त्याचं कार्डही ट्रंकेत तळाशी आहे. ती ऑगस्टची फी. ते पैसे माझ्याजवळ आहेत, पण माझे नाहीत.

खर्चासाठी फेब्रुवारीपासून साठवलेले ११,४०० वेगळे आहेत. दोन जूनपासून एका सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीत दोन महिने काम मिळालंय, महिना आठ हजार. शिवाय सोसायटीतल्या दहावीच्या दोन मुलींना सकाळी गणित शिकवणार आहे, त्यांचे मिळून चार हजार, महिन्याच्या सुरुवातीलाच. माझा खर्च असा: कॉट ४,०००, मेस ३,०००, मेट्रो आणि बस ११००, बाकी किरकोळ ९००. नऊ हजार. मेट्रोला विद्यार्थी कार्डावर तीस टक्के सूट आहे, म्हणून प्रवास एवढ्यात बसतो.

अडचण तारखांची आहे. कंपनीचे जूनचे पैसे दहा जुलैला मिळणार. तोवर शिकवणी आणि साठवलेले, एवढंच. जून संपताना हातात ६,४०० राहतील. जुलैत शिकवणीचे चार हजार आले आणि भाडं, मेस दिली की दहा तारखेपर्यंत ३,४००. भागतं. बाबा, तुम्ही एकदा कागदावर मांडून बघा, कुठे चुकलं असेल तर सांगा. तुमचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे, मी संख्याशास्त्र शिकत असले तरी. आणि कंपनीकडून उशीर झाला तर मी लपवणार नाही, त्याच दिवशी फोन करेन आणि खरं कारण सांगेन.

दहा ऑगस्टला जुलैचे आठ हजार येतील. ते मी खर्चात धरलेलेच नाहीत. ते पतपेढीत भरायचे. राहिलेलं कर्ज आणि व्याज दिवाळीपर्यंत शिकवणीतून थोडं थोडं फेडते. पाटल्या सोडवायला मी स्वतः येणार.

मेस याही वर्षी बंदच आहे, परवापासून एक जूनपर्यंत. या वेळी मालकीणबाईंना विचारून खोलीत इंडक्शन शेगडी वापरतेय, विजेचे दोनशे जादा देऊन. खिचडी, पिठलं, भात जमतं. भाकरी अजून फुगत नाही.

शनिवारी, २४ तारखेला, स्वारगेटहून सकाळच्या गाडीनं निघते. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे येण्याजाण्याचं ओझं नाही. गुरुवारी परत. जूनमध्ये येणं होणार नाही, कारण कामाला सुट्टी नाही आणि मेसमध्ये सलग चार दिवसांच्या आत खाडे धरत नाहीत. आई, परत जाताना ज्वारीचं पीठ दोन किलो, तूरडाळ आणि तुझं मेतकूट घेऊन जाईन, आधी दळून ठेव. बाबा, तुम्ही स्टँडवर उन्हात उभे राहू नका, मी रिक्षानं येते.

तुमची लेक