कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदरना थँक्यू

नावं माहीत नाहीत तुमची, ड्युटी बदलली की चेहरे पण बदलायचे, तरी सगळ्यांना मनापासून थँक्यू. आमचे बाबा एक नंबरचे हट्टी, 0 ते 10 मध्ये किती दुखतंय विचारलं की उत्तर ठरलेलं, "ठीक आहे", मग तुम्ही कपाळावरच्या आठ्या बघायचात, कूस बदलताना श्वास कसा अडकतो ते बघायचात आणि खरा आकडा काढून घ्यायचात. मॉर्फिन म्हटल्यावर आम्ही घरचेच टरकलो, सवय लागेल, म्हणजे आता शेवट आला वगैरे, तर हे औषध शेवटासाठी नाही दुखण्यासाठी असतं हे तुम्ही न चिडता कितीदा सांगितलंत. डोस घड्याळाप्रमाणे, दुखायची वाट न बघता, मधेच कळ आली तर वेगळा छोटा डोस, सोबत मॉर्फिनने पोट अडतं म्हणून पोट साफ व्हायचं औषध (हे आमच्या डोक्यातही आलं नसतं). डोस वाढवायचा तर डॉक्टरांची ऑर्डर लागते, ते दुसऱ्या पेशंटकडे अडकलेले, शिवाय मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली, रजिस्टर, सह्या, आणि तोवर नातेवाईकांची बोलणी मात्र तुम्हालाच. तरी औषध दिल्यावर थोड्या वेळाने "आता कसं वाटतंय काका" विचारायला यायचातच. बाबा आता रात्री बऱ्यापैकी झोपतात, आणि वाद घालायला ताकदही आलीय, त्याबद्दल सॉरी हं!