लहान मुलांच्या क्रूझवर दोघंच जाताना

महोदय,
फ्लोरिडाहून बहामासला जाणारी डिस्नीची क्रूझ मुलाबाळांचीच, असं समजून अनेक जोडपी तिकडे फिरकत नाहीत. खरं तर जहाजावर 18 वर्षांवरील प्रवाशांसाठी वेगळा पूल असतो. वाटेतल्या ‘कॅस्टअवे के’ या डिस्नीच्या बेटावर त्यांच्यासाठी सेरेनिटी बे हा स्वतंत्र किनाराही आहे. जेवायला दुसरी, रात्री सव्वाआठच्या सुमाराची पंगत घ्यावी; चिमुकले पहिल्या पंगतीला जास्त. दोघांचंच टेबल हवं तर आधीच सांगावं, नाहीतर अनोळखी कुटुंबाशेजारी बसवू शकतात. जहाजावरच्या फक्त प्रौढांच्या ‘पालो’ रेस्टॉरंटचे पैसे वेगळे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तिथली नोंदणी 75 दिवस आधी खुली होते, तीही पूर्ण रक्कम भरल्यावरच. नेहमीच्या पंगतीचं रेस्टॉरंट रोज बदलतं, पण वाढणारे तेच सोबत येतात. ‘कांदा-लसूण नको’ हे पहिल्याच रात्री त्यांना सांगून ठेवावं.

– एक वाचक, पुणे