ऑइल सील बदलण्याआधी ब्रीदर उघडून पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीकडचे ट्रॅक्टर फवारणीच्या ब्लोअरला जुंपले जातात. तासन्‌तास ताणावर चाललेले इंजिन तेल गाळू लागले, की मागचे ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदला, टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग बदला, हा ठरलेला उपाय. महिनाभरात गळती पुन्हा सुरू होते. सील बिचारे निर्दोष असते. बऱ्याचदा ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी वाट, चोंदलेला असतो.

पिस्टनवरच्या रिंगा नव्या असल्या तरी थोडा जळका वायू पिस्टनच्या कडेने ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठते तिथे) उतरतोच. त्यात तेलाचे तुषार, पाण्याची वाफ आणि काजळी असते. हा वायू ब्रीदरमधून बाहेर पडतो आणि तिथली जाळी किंवा फिल्टर त्यातले तेल अडवून परत चेंबरमध्ये सोडतो. ही वाट बंद झाली की आत दाब साठतो, आणि तो सीलमधून, पॅकिंगमधून, कधी डिपस्टिकच्या (तेल मोजायच्या पट्टीच्या) नळीतूनही तेल बाहेर ढकलतो. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असेल तर नुकसान मोठे. टर्बोतले तेल केवळ उताराने खाली येते; चेंबरमध्ये दाब असला की ते तुंबते, टर्बोच्या सीलमधून निसटते आणि गाडी निळा धूर सोडते. मग दोष नसलेला टर्बो उतरवला जातो.

सफाई इंजिन थंड असतानाच करावी. आधी ब्रीदरभोवतीची माती ब्रशने झाडा, नाहीतर तीच आत पडते. तारेची जाळी असेल तर १५-२० मिनिटे डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये भिजवा, घासा, निथळू द्या आणि हलक्या हवेने आतून बाहेर फुंका. पेट्रोल वापरू नका. पूर्ण वाळली की इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब लावून झटका आणि बसवा. कागदी किंवा धाग्यांचा फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा असतो. धुतलेला वरून स्वच्छ दिसतो, पण तेल अडवत नाही. ओ-रिंगला तेल लावा, पाइप कुठे मुडपला किंवा फुगून मऊ पडला आहे का ते बघा, आणि चेंबरकडे जाणारी तेलाची परतीची नळी मोकळी आहे याची खात्री करा. ही नळी नेमकी विसरली जाते. मुदत गाडीच्या पुस्तकातली पाळावी; धुळीत राबणाऱ्या ट्रॅक्टरचा ब्रीदर दर ऑइल बदलाला उघडून पाहिलेला बरा.

जाळी साफ केल्यावरही थोड्याच दिवसांत तेलाने थबथबली, तर आधी डिपस्टिक पाहा. खुणेच्या वर तेल भरले असेल तर क्रँक ते घुसळतो आणि फेस ब्रीदरकडे जातो. पातळी बरोबर असूनही गरम इंजिनात ब्रीदरच्या पाइपातून धापा टाकल्यासारखा दाट धूर येत असेल, तर बहुधा रिंगा-लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) झिजले आहेत. तिथे फिल्टर बदलून काही साधणार नाही. उलट, निफाडच्या थंडीत तेल भरायच्या टोपणाखाली दिसणारी पांढरी साय पाहून लगेच हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडायला घाई करू नये. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पुरते तापत नाही आणि वाफेचे पाणी तेलात मिसळून तशी साय धरते. रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गोष्ट वेगळी; तेच पाणी तेलात उतरत असू शकते.

दोन गोष्टी मात्र कोणीही करू नयेत. तेल टपकते म्हणून ब्रीदरच्या पाइपात बोळा कोंबणे ही पहिली. दुसरी म्हणजे बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीचा हा पाइप इंजिनाला हवा देणाऱ्या नळीतून काढून खाली सोडणे. तिथले उघडे राहिलेले तोंड धूळ थेट टर्बोत ओढते. अर्थात पाइप जागेवर ठेवून चोंदलेला फिल्टर तसाच चालवणेही धोक्याचे. फार तेल हवेच्या नळीत गेले तर डिझेल इंजिन त्याच तेलावर बेफाम पळते आणि चावी काढली तरी थांबत नाही.

धुतलेले काळे डिझेल नाल्यात ओतू नये, नाशकातले नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. जुन्या ऑइलच्या डब्यात साठवून ते वापरलेले ऑइल नेणाऱ्याकडेच द्यावे.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक, अंबड, नाशिक