फुसका बार

प्रिय दोस्ता,

दोन वर्षं झाली, ना फोन ना पत्र. तू रुसलास म्हणून मी रुसलो की मी रुसलो म्हणून तू, हे आता आठवतही नाही. खोटं कशाला बोलू, चांगलं आठवतं. "डब्यावरची किंमत बघून काडतुसांची दारू घेणाऱ्याने बंदुकीला हात लावू नये," असं तू चारचौघांत म्हणाला होतास आणि मी "तुझी मास्तरकी घरी ठेव" म्हणून निघून गेलो होतो. असो. तब्येत बरी आहे. रक्तातलं शिसं पुन्हा तपासलं, उतरलंय. गुडघे होते तसेच.

हे पत्र तुलाच लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर एक तर समजणार नाही, नाही तर नको तितकं समजेल. हिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. वहिनींनाही नको, त्या दोघींचं रोज बोलणं असतं.

रविवारी मुलीला घेऊन रेंजवर गेलो होतो. तुझंच ते जुनं रिव्हॉल्व्हर, मी तुझ्याकडून घेतलेलं (तू म्हणतोस ढापलेलं). त्याला लागणारी थर्टीएट स्पेशलची पन्नास काडतुसं आदल्या रात्री घरीच दारू घालून भरली होती. तांब्याच्या मुलाम्याच्या शिशाच्या गोळ्या, वजन १५८ ग्रेन. दारू कुठली ते नाव घेत नाही, तुला ठाऊक आहे, चिमूटभर पुरते ती. पहिले बारा बार झकास गेले. मग मी पुन्हा सहा भरली. ठरलं होतं असं की ही सहा मी उडवायची आणि पुढची पाळी तिची. पहिला बार ठीक. दुसऱ्याला चाप ओढला आणि आवाज आला तो कसा सांगू, सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा. फुस्स. हाताला धक्का नाही, कागदावर भोक नाही. आपण आयुष्यभर लोकांना 'फुसका बार' म्हणत आलो, पण फुसका बार खरोखर कसा वाजतो ते मी पन्नाशी उलटल्यावर ऐकलं.

थांबलो. एवढं तरी तुझ्या मास्तरकीने शिकवलंय. शेजारच्या बाकावरचा गडी म्हणाला, "ओढा परत, होतं असं." मी रिव्हॉल्व्हर तोंड पुढे ठेवून तसंच धरून राहिलो, मग उघडून सगळी काडतुसं काढली आणि मागून नळीत उजेड पाडला. उजेड पलीकडे गेलाच नाही. गोळी काडतुसांचं चक्र आणि नळी यांच्या मधल्या फटीतून पुरती पार होऊन नळीत दोन बोटं आत रुतून बसलेली. फटीतच अडकली असती तर चक्र फिरलं नसतं, गाडी तिथेच थांबली असती. पण चक्र छान मोकळं फिरत होतं. तिसरी गोळी तिच्यामागे जायला, तुंबलेल्या नळीत, अगदी तयार होती.

पितळी सळई घालून, लाकडी हातोड्याने हलके ठोके देत ती काढली. आता माझ्यासमोर टेबलावर आहे. तांब्याच्या मुलाम्यावर नळीच्या आट्यांचे तिरके चरे इतके स्वच्छ उमटलेत की मोजता येतात. बुडाला काळी काजळी, ती नुसत्या प्रायमरची, बुडाच्या ठिणगीच्या टिकलीची. दारूचा कणही जळलेला नाही, कारण दारू काडतुसाच्या पितळी पुंगळीत नव्हतीच.

आता नीट वाच. तुला कळेल, म्हणूनच तुला लिहितोय. मी पुंगळ्या ठोकळ्यात लावतो, दर पुंगळीला दारूच्या मापाचा दांडा एकदा ओढतो आणि मोजतो. दांडे मोजतो. त्या रात्री मोजणी बरोब्बर पन्नास आली होती आणि मी खूश होऊन गोळ्या बसवायला घेतल्या होत्या. पन्नास दांडे, पन्नास पुंगळ्या, आणि एक पुंगळी रिकामी. मग तिच्या वाट्याची दारू गेली कुठे?

माझे हात गार पडले. पोरगी विचारतेय, "बाबा, माझी पाळी?" मी म्हटलं, आज नको, रिव्हॉल्व्हर बिघडलंय. तिने तोंड पाडलं. परतताना गाडीत एक शब्द बोलली नाही आणि मला ते बरंच वाटलं.

घरी येऊन उरलेली छत्तीस काडतुसं काट्यावर तोलायला घेतली. मूर्खपणा. पुंगळ्या चार जातींच्या, त्यांच्याच वजनात कितीतरी ग्रेनांचा फरक. त्यात चिमूटभर जास्तीची दारू कुठे सापडायची? मग तो प्लास्टिकचा हातोडा काढला आणि एकेक काडतूस त्यात अडकवून जमिनीवर आपटत बसलो. गोळी बाहेर, दारू वाटीत, वाटी काट्यावर. ठक, ठक, ठक. हिने वरून विचारलं काय ठोकतोयस, म्हटलं खिळा. एवढे खिळे कुठल्या भिंतीला लागतात ते तिने विचारलं नाही, नशीब.

एकोणतिसाव्यात सापडली. वाटीत दारू पडली तेव्हाच कळलं, काट्याची गरज नव्हती. तरी तोललं. काट्यावर बरोबर दुप्पट आकडा. त्या पहिल्या सहांत असती तर रिव्हॉल्व्हर माझ्या हातात फुटू शकलं असतं, आणि पुढच्या सहांत असती तर...

हे वाक्य तूच पुरं कर, मला लिहवत नाही.

आठवत असेल, आपलं भांडण याच्यावरच होतं. तू म्हणायचास, मुलाम्याची गोळी भरायची तर दारू अशी घ्यावी की दोनदा पडली तर वर येऊन डोळ्यांत खुपली पाहिजे. तुझी लाडकी युनिक, १९०० सालापासूनची, कागदाच्या कपट्यांसारखी फुगीर. नऊ मिलिमीटर काडतुसाच्या बुटक्या पुंगळीत ती दुप्पट पडली तर सांडेलच. थर्टीएटचं तसं नाही. ही पुंगळी त्या काळ्या, धूर करणाऱ्या दारूच्या मापाची, तेव्हा ती तोंडापर्यंत भरायची. आपली बिनधुराची दारू तिच्यात टाकली की विहिरीच्या तळाला ओंजळभर पाणी. बॅटरी मारून प्रत्येक पुंगळीत डोकावलं तरच दिसतं. त्या रात्री बॅटरीचे सेल गेले होते. "उद्या आणू," म्हटलं. फोन वाजला, उठलो, परत आलो आणि कुठपर्यंत आलो होतो ते हाताला विचारलं, डोळ्यांना नाही.

पण तुझंही सगळं खरं नव्हतं हं! युनिकचे ते कपटे मापात अडकतात, एकदा कमी पडतात, एकदा जास्त. तूच दर दहा पुंगळ्यांनी काट्याकडे धावायचास. आणि वेगाने मुलामा फाटेल म्हणून तू जो बाऊ करायचास तो तर उगाच होता. मुलाम्याच्या साध्या गोळ्यांना बनवणारे सांगतात ती हद्द सेकंदाला बाराशे फुटांच्या आसपासची. थर्टीएट स्पेशल तिथवर पोचतंय कशाला? जोरकस मॅग्नम काडतुसांची गोष्ट वेगळी. आपल्याला भीती असलीच तर उलट्या बाजूची: दारूचा फार नाजूक भार भरला तर गोळी नळीतच बसकण मारते. म्हणून तर ते सांगतात, नुसत्या शिशाच्या गोळीचे भरणीच्या पुस्तकातले दारूचे आकडे धरा, नाही तर जाड कवचाच्या गोळीचे मधले, आणि खालून हळूहळू चढा. बस.

कागदावर गोळ्यांची आडवी, किल्लीच्या भोकासारखी छिद्रं पडत होती, तेव्हाही मी तीन महिने दारूच बदलत बसलो होतो. तू एक गोळी उपटून बघ म्हणालास. उपटली तर मुलाम्यावर गोल चिरलेली रेघ आणि आतून करडं शिसं डोकावतंय. पुंगळीचं तोंड मी इतकं आवळत होतो की मुलामाच कापला जात होता. शिशाची गोळी साच्यात दाबून तिच्यावर विजेने चढवलेलं तांबं ते, जाडी पोस्टकार्डापेक्षाही कमी, कितीसं सोसणार? त्या दिवसापासून हलक्या हाताने सरळ दाबतो आणि पुंगळीचं तोंड आधी जरा जास्त उमलवतो. ते श्रेय तुझं. तेव्हा दिलं नव्हतं, आता घे.

दारूवरून एक आठवलं. तुझ्या लग्नात मी सासरेबुवांना सांगितलं होतं की आम्ही दोघं शनिवारी रात्री दारू घेऊन बसतो आणि ती ग्रेनवर मोजतो. तुझ्या सासूबाईंचा चेहरा! अजून मला ओळख देत नाहीत म्हणे.

तर प्रश्न असा. ती चिमूटभरवाली दारू मी बंद केली. उपटलेली सगळी बागेत पातळ पसरून टाकली, डब्यात परत घालायची नाही हा तुझाच नियम. डब्यात उरलेलं मात्र तसंच आहे, त्याचं काय करू? एका पौंडाचे सात हजार ग्रेन, भार छोटा म्हणून डबा वर्षभर पुरतो, याच हिशेबावर मी भाळलो होतो. आता एचपी-३८ नावाची दारू घ्यावी म्हणतो. वर छाप वेगळी, पण २३१ नावाची दारू म्हणतात तीच ही, दाणा चपटा, मापातून पाण्यासारखी उतरते. फुगते मात्र युनिकपेक्षा कमी. म्हणजे दुप्पट भार डोळ्यांत खुपेल की नाही? मी रिकाम्या पुंगळीत दोनदा टाकून बघणार आहे, पण माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही. खरं सांगायचं तर दारूचा प्रश्न काढलाय तो दुसरा प्रश्न लपवायला. बावीस वर्षांची वही आहे माझी, एकही चूक नाही, आणि त्या रात्री मी काय केलं ते मला आठवत नाही. हाताने दांडा दोनदा ओढला आणि डोक्याला पत्ता नाही. हे वय आहे की घाई? तुझं असं कधी झालंय? खरं सांग, मास्तर होऊन नको सांगूस.

मुलगी रोज विचारतेय, रिव्हॉल्व्हर दुरुस्त झालं का. काय सांगू?

तुझी बदली झाल्याचं उडत उडत कानावर आलं. मुलाचा निकाल काय लागला? वहिनींना नमस्कार. तुझ्या कमरेचं बघ, बसून लिहीत जाऊ नकोस.

ती गोळी पाकिटात घालून पाठवणार होतो, पण टपालखात्याला ते रुचणार नाही. एकोणतिसावी पुंगळीही ठेवली आहे, वर चिठ्ठी चिकटवून. पुढच्या महिन्यात येतोस का? युनिकचा डबा मी आणून ठेवतो. तू फक्त समोर बस आणि मी प्रत्येक पुंगळीत डोकावतोय की नाही ते बघ.

तुझाच,
दारू ढापणारा नव्हे, रिव्हॉल्व्हर ढापणारा

ता. क. बॅटरीचे सेल आणले. दोन जोड.