एका घरात दोन ताटं

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

रागावू नका, पण सोमवारपासून स्वयंपाकाच्या मावशींना तुम्हा दोघांची ताटं वेगळी करायला सांगून टाकलंय. आधी विचारलं असतं तर बाबा "बघूया" म्हणाले असते, आणि त्यांचं "बघूया" कसं असतं ते आत्याच्या गुडघ्यांना विचारा.

बाबा, वजन उतरवायला तुम्ही दिवसातून दोनदाच जेवता, त्याला मी नावं ठेवत नाही. चार किलो उतरले, पट्टा एक भोक आत गेला. पोटाचा घेर 90 सेंटीमीटरच्या वर असलेल्या माणसाला हे मानवू शकतं. पण तुमच्या मधुमेहाच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावतेच. साडेअकराला घाम फुटतो, हात थरथरतात, ते बहुधा उन्हामुळे नाही. तेव्हा लगेच साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि 15 मिनिटांनी परत मोजा. गोळी मनानं बंद करायची नाही. डोस बदलायला डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली आहे. आणि गूळ म्हणजे साखर नव्हे, हे कोल्हापुरात खपतं, ग्लुकोमीटरपुढे नाही.

आई, "त्यांना मानवलं ते मला का नाही?" असं फोनवर विचारलंस. अगं, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 609 जणांना वर्षभर दोन तऱ्हांचा आहार दिला, निम्म्यांना कमी चरबीचा, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. 2018 साली निकाल आला. वजन सरासरी दोन्हीकडे पाच-सहा किलोच उतरलं. पण एकाच गटात कुणी पुष्कळ उतरलं, कुणाचं उलट वाढलं, आणि जनुकं तपासूनही कोण उतरणार ते आधी सांगता आलं नाही.

तुझं तर वजन 46. तुला उतरवायचंच काय आहे? या वयात जेवण तोडलं की चरबीबरोबर मांडीचा स्नायूही जातो, मग जिना चढवत नाही. तुला रोज किमान 46 ग्रॅम प्रथिनं हवीत, किलोमागे एक ग्रॅम. सकाळी दोन अंडी (12 ग्रॅम), मंगळवार-शुक्रवारी त्याऐवजी 60 ग्रॅम पनीर. दोन्ही जेवणांत घट्ट डाळ, पातळ आमटी नाही. दुपारी वाटीभर दही, चारला मूठभर फुटाणे, रात्री पेलाभर दूध. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा निदान अर्ध्या तासानं, कॅल्शियम चार तासांनी. दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या की थायरॉइडची नीट लागू पडत नाही.

रविवारचं मटण बंद केलेलं नाही, घाबरू नका! बाबांना तर्री काढलेला तांबडा, एक भाकरी, भात दोन घास. पांढरा रस्सा आईचा. बाबा, तिच्या वाटीत चमचा घालायचा नाही.

दोघांचं वजन शनिवारी सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर. बाबांची साखर उपाशीपोटी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. वहीचा फोटो मला पाठवा. दूध नकोसं झालं तर, आई, वाटीत ओतून चमच्यानं घे. मला तसंच पाजायचीस ना?

तुमची,
चिऊ