गिरणीमालकांचे गोडवे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या कापड गिरणीमालकांवरचा पानभर लेख वाचला. रुग्णालये, कॉलेजे, धर्मशाळा... दानधर्माची यादी वाचून ऊर भरून आला. हा पैसा कुणाच्या घामातून आला, ते लिहायला मात्र जागा कमी पडली असावी.

गिरण्यांत विजेचे दिवे आले म्हणून लेखकमहाशयांना कोण आनंद! दिवे आल्यावर अंधार पडला तरी साचे, म्हणजे कापड विणायचे माग, थांबेनात, हेही त्याच ओळीत बसले असते. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, तीही कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे सहा वर्षे हात धुऊन मागे लागले तेव्हा.

माझे वडील साचेखात्यात नऊ वर्षे 'बदली' होते. गिरणीचे नाव लिहीत नाही, मालकांच्या वारसांना वकील परवडतात. सकाळी भोंग्याआधी पास घेऊन दरवाजावर उभे राहायचे. कुणाचा खाडा असला तर काम, नाहीतर डबा तसाच घेऊन परत. अशा दिवशी आई तो डबा उघडून भाजी पुन्हा पातेल्यात ओतायची आणि घरात कुणी काही बोलायचे नाही. काम देणाऱ्या मुकादमाचे, जॉबरचे, चहापाणी वेगळे. १९७९ ला कायम झाले आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप. अडीच लाख कामगार देशोधडीला लागले, त्याला तुमच्या लेखात 'दुर्दैवी अध्याय' एवढे दोन शब्द! वडिलांना पुन्हा कामावर बोलावणे आलेच नाही.

पुढे गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले? १९९१ च्या विकास नियमावलीत पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरले होते. २००१ मध्ये दुरुस्ती करून फक्त मोकळ्या जागेचे वाटे करायचे ठरले. बांधकामाखालची जमीन गेली मालकाच्या पदरात. आम्ही म्हाडाच्या घरांच्या सोडतीकडे डोळे लावून बसलो. आता घर हवे तर मुंबईबाहेर, शेलू-वांगणीला जा म्हणतात. वडील गेले, अर्जाची पावती आहे.

गेल्या वर्षी वडिलांच्या त्या गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये मी नातवाला घेऊन गेले. गिरणीची धुराची चिमणी शोभेला ठेवली आहे. दरवाजावर पिशवी उघडून दाखवावी लागली.

ता. क. त्याच पुरवणीतल्या जाहिरातीत लोअर परळचे 'अप्पर वरळी' झाले आहे. जाहिरातदार पैसे मोजतो, समजू शकते. पण परवा तुमच्या बातमीतही तेच नाव? आणि शब्दकोड्याची उत्तरे दोन आठवडे चुकीची छापताय, तेवढे बघा.

— एका साचेवाल्याची मुलगी, डोंबिवली