‘लास्ट टँगो इन पॅरिस’ दाखवावा का? मित्रास पत्र

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चित्रपट मंडळाच्या महोत्सवात ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ ठेवावा की वगळावा, यावरून कार्यकारिणीत दोन तट पडल्याचे तुझ्या पत्रातून कळले. तू माझे मत मागितले आहेस, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. पत्नीच्या मृत्यूने सैरभैर झालेल्या पुरुषाचे इतके खरे चित्र मी पडद्यावर क्वचितच पाहिले आहे. ते रंगवताना एका एकोणीस वर्षांच्या मुलीवर अन्याय झाला, हेही तितकेच खरे आहे आणि पहिल्या गोष्टीने दुसरीची भरपाई होत नाही.

दिग्दर्शक बेर्तोलुचीने १९७२ साली हा चित्रपट केला तेव्हा तो तिशीतला होता आणि पॉलची भूमिका करणारा मार्लन ब्रँडो पन्नाशीकडे झुकलेला. सुरुवातीलाच बीर-हाकेम पुलाखाली उभा असलेला पॉल डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या मेट्रोखाली कान झाकून किंचाळतो. त्याच्या बायकोने, रोझाने, आत्महत्या केली आहे आणि मागे एक चिठ्ठीसुद्धा ठेवलेली नाही. पुढे हॉटेलातली मोलकरीण न्हाणीघरातले रक्त धुता धुता पोलिसांनी काय काय विचारले ते सांगत राहते आणि पॉल ऐकत राहतो. पासी भागातल्या एका रिकाम्या घरात त्याला जान भेटते, तेव्हा तो नियम घालतो की कोणी कोणाचे नाव विचारायचे नाही, बाहेरच्या आयुष्याबद्दल बोलायचे नाही. लोक या चित्रपटाला वासनेचा चित्रपट म्हणतात. मला ती वासना म्हणजे दुःखाला सामोरे जाण्याचे टाळण्यासाठी शोधलेली पळवाट वाटते, आणि त्या पळवाटेची किंमत जानने मोजायची आहे.

दोन प्रसंग मला विसरता येत नाहीत. पहिल्यात पॉल रोझाच्या प्रियकराच्या, मार्सेलच्या, खोलीत बसतो. हा मार्सेल त्याच हॉटेलात राहतो आणि रोझाने दोघांनाही अगदी एकसारखा झगा घेऊन दिलेला आहे. तसलेच झगे अंगावर घालून नवरा आणि प्रियकर शेजारी बसतात आणि संसार म्हणून आपण नेमके काय जगलो, हे पॉलला उमगेनासे होते. दुसरा प्रसंग फुलांनी वेढलेल्या कलेवरापाशी घडतो. रोझाच्या आईने तिला नटवून ठेवले आहे. पॉल आधी तिला घाणेरड्या शिव्या देतो, मग ढसाढसा रडू लागतो, तिच्या चेहऱ्यावरचा रंग पुसू पाहतो आणि तू असे का केलेस म्हणून तिलाच विचारत राहतो. माणूस गेल्यावर त्याच्यावर राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या प्रसंगाविषयी काही समजावून सांगावे लागत नाही. स्तोरारोच्या कॅमेऱ्यातला तांबूस, मावळतीसारखा उजेड आणि बार्बिएरीचा सॅक्सोफोन हे सारे याच शोकाच्या सेवेला आहेत.

आता जानची भूमिका करणाऱ्या मारिया श्नायडरविषयी. ज्या बलात्काराच्या प्रसंगामुळे हा चित्रपट कुप्रसिद्ध झाला, त्यातला एक तपशील त्या दिवशी सकाळी बेर्तोलुची आणि ब्रँडो यांनी परस्पर ठरवला. मारियाने २००७ साली सांगितले की हे तिला चित्रीकरणाच्या अगदी तोंडावर कळले, कृती अभिनयाची असली तरी तिचे अश्रू खरे होते आणि नंतर तिचे सांत्वन किंवा माफी दोन्ही झाले नाही. २०११ साली ती गेली. २०१३ मध्ये बेर्तोलुचीने कबूल केले की आपल्याला अभिनेत्रीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया हवी होती. आपल्याला अपराधी वाटते, पण पश्चात्ताप नाही. प्रसंगातली हिंसा पटकथेत होती आणि मारियाला ती ठाऊक होती, असा खुलासा त्याने पुढे केला. मला तो पुरेसा वाटत नाही. ब्रँडोनेही या भूमिकेत स्वतःला पिळून काढले आणि यापुढे कोणत्याही चित्रपटासाठी स्वतःला इतके उद्ध्वस्त करणार नाही असे ठरवले, हे त्याच्या आत्मचरित्रात आहे. परंतु तो जाणता होता, जगप्रसिद्ध होता आणि नाही म्हणू शकत होता. ऑस्करची नामांकनेही त्याला आणि बेर्तोलुचीला मिळाली, मारियाला नाही.

‘कलाकृती वेगळी आणि कलावंत वेगळा’ हा तुमच्या खजिनदारांचा युक्तिवाद मला एरवी पटतो. येथे तो लागू पडत नाही, कारण अन्याय चित्रचौकटीच्या बाहेर घडलेला नाही. तो चौकटीतच आहे आणि आपण तिकीट काढून तोच पाहतो. इटलीच्या न्यायालयाने १९७६ साली प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला, बेर्तोलुचीचा मताधिकार पाच वर्षांसाठी काढून घेतला आणि ही बंदी १९८७ पर्यंत टिकली. तो सारा खटला अश्लीलतेचा होता. एका नवख्या नटीला कामाच्या ठिकाणी कसे वागवले गेले, हा त्याचा विषयच नव्हता.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हे की चित्रपटाला हे सारे कळलेले आहे. शेवटी पॉल त्या घराबाहेर येतो, स्वतःची हकीकत सांगतो, जानच्या मृत वडिलांची लष्करी टोपी डोक्यावर चढवतो आणि तिचे नाव विचारतो. ती नाव सांगते आणि गोळी झाडते. ज्या माणसाने तिला माणूस म्हणून ओळखण्याचेच नाकारले होते, त्याच्याविषयी पोलिसांना काय सांगायचे याची ती मग पुटपुटत तालीम करते: मी याला ओळखत नाही. इतकी जाण असणाऱ्या दिग्दर्शकाने आपल्या नटीला मात्र पॉलच्याच नियमाने वागवले.

डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयाने विरोधानंतर या चित्रपटाचा खेळ रद्द केला. तुम्ही तो रद्द करू नये, असे मला वाटते, पण माहितीपत्रकात ‘धाडसी’ आणि ‘बोल्ड’ हे शब्द येऊ देऊ नका. खेळाआधी व्यासपीठावरून मारियाची बाजू तिच्या तारखांसह सांगा, म्हणजे ज्यांना उठून जायचे आहे त्यांना जाता येईल. दुसऱ्या दिवशी अंतोनिओनीचा १९७५ चा ‘द पॅसेंजर’ ठेवा. त्यात ती जॅक निकल्सनसमोर इतक्या सहजपणे वावरते की तिच्यात किती ताकद होती ते प्रेक्षकांना आपोआप दिसेल. बैठकीपूर्वी पत्रकाचा मसुदा पाठव, मी त्यातले मारियावरचे टिपण लिहून देतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव